गाडीचा हीटर

घरी पोचलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. बूट दाराबाहेर, जॅकेट बाथटबमध्ये टाकलेलं आणि मी किचनमध्ये तसाच उभा, कानामागून पाणी गळतंय. बायकोने माझे हात हातात घेतले आणि म्हणाली, "अरे बर्फ झालाय नुसता, दिवसभर असेच होते का?" मी म्हटलं, नाही, मध्ये गरम झाले होते. ते कसे काय? "गाडीचा हीटर," मी म्हटलं आणि चहा गाळायला घेतला. एवढंच झालं. खोटं बोलायची काहीएक गरज नव्हती, ती काही मला ओरडणार नव्हती, ती माझ्यापेक्षा जास्त मटण खाते. पण तोंडातून ते निघालं आणि मग ते नखात शिरलेल्या कुसळासारखं चार महिने तिथेच राहिलं, म्हणून हे लिहितोय.

हात कशाने गरम झाले ते येईलच पुढे. आधी अण्णा.

अण्णा हे आमचे शेजारी. त्यांचं खरं नाव अर्थातच वेगळं आहे, गोरा माणूस, पण बनियनवर अंगणात उभं राहून रस्त्याकडे बघायची जी पद्धत आहे ना, ती बघून आम्ही दोघांनी पहिल्याच आठवड्यात त्यांना अण्णा करून टाकलं. वय एक्काहत्तर. जन्म इथलाच, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑरेगनमधला, कोस्ट रेंज या डोंगररांगेच्या पायथ्याचा, आयुष्यभर लाकडाच्या मिलमध्ये नोकरी, ती मिल बंद पडल्यावर दुसऱ्या मिलमध्ये, आणि आता गुडघे संपलेले. जूनमध्ये एक दिवस कुंपणापाशी आले, फोन पुढे केला आणि म्हणाले, लागला. मला वाटलं लॉटरी. तर लॉटरीच होती, पण हरणाची.

म्हणजे असं, की आमच्या या पश्चिम भागात ब्लॅकटेल नावाचं हरीण आहे, काळ्या शेपटीचं, आपल्या सांबर-भेकरांच्याच कुळातलं. रायफलच्या मोकळ्या हंगामात शिंगवाल्या नराचा टॅग, म्हणजे एक जनावर मारायचा परवाना, कुणालाही दुकानात विकत मिळतो. मादीचे टॅग मात्र मोजके, भागाभागाला आकडा ठरलेला, आणि ते सोडतीने. 15 मेपर्यंत अर्ज करायचा, जूनमध्ये निकाल. नंबर लागला नाही तर एक पॉइंट मिळतो, पुढच्या वर्षी तो धरून अर्ज, परत नाही तर परत एक. तीन चतुर्थांश टॅग पॉइंट जास्त असलेल्यांना जातात आणि उरलेले सरसकट सोडतीत. हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर हे म्हाडाने करायला हवं. माझे मामा वीस वर्षं अर्ज भरतायत, त्यांच्याकडे आत्तापर्यंत कांदिवलीत टू-बीएचकेचे पॉइंट झाले असते.

अण्णांचे चार वर्षांचे पॉइंट होते. आणि गुडघे असे, की हरीण पडलं तर वर आणणार कोण? मुलगा ॲरिझोनात. जुने जोडीदार एकतर गेलेले नाहीतर त्यांचेही गुडघे तसेच. म्हणून मी. "तू चालतोस, आणि तू बोलत नाहीस," असं म्हणाले. बोलत नाही कारण त्यांचं अर्धं इंग्लिश मला कळत नाही, ही गोष्ट मी सांगितली नाही.

बंदुकीला हात लावायचा नाही असं मी आधीच ठरवलं होतं. व्हिसावरचा माणूस, उगाच कशाला. पण खरं कारण वेगळं होतं, बंदूक आमच्या घरात होती. आमचं गाव आंबोली घाटाच्या खाली, आणि आजोबांकडे ठासणीची बंदूक, शेतीरक्षणाच्या परवान्यावर, माकडं आणि डुकरांसाठी. मी लहान असताना ती माडीवर खुंटीला टांगलेली असायची आणि तिला तेलाचा आणि थोडा कुजकट असा वास यायचा. तिचा आमच्या आयुष्यातला मुख्य कार्यक्रम म्हणजे निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची. आजोबा तिला गोणपाटात गुंडाळून एसटीने न्यायचे, कंडक्टर अर्धं तिकीट काढतो म्हणून चेष्टा करायचा. शिकार 1972 च्या कायद्याने गेली. त्याच्या आधीच्या गोष्टी मात्र घरात भरपूर होत्या, हाकारे कुठून निघायचे, बंदुका घेऊन कोण कुठल्या खिंडीत बसायचा, बार लागला की वाटे कसे पडायचे. त्या गोष्टींत रक्त कधीच नसायचं. बार व्हायचा आणि लगेच सागोती. मधलं सगळं आजोबा गाळायचे, की मीच विसरलो, काय माहीत.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पहाटे पाचला निघालो. अण्णांचा ट्रक माझ्या लग्नाच्या आधीचा आहे. कॉर्वालिसमधून फिलोमथ, तिथून चौतीस नंबरचा रस्ता वर चढायला लागतो, मेरीज पीकच्या अंगावरून वळणं घेत आल्सीकडे उतरतो. मेरीज पीक हे कोस्ट रेंजमधलं सगळ्यात उंच शिखर, उंची 1,249 मीटर. कळसूबाई त्याच्यापेक्षा चारशे मीटरने उंच, हे मी अण्णांना दोनदा सांगितलंय आणि दोन्ही वेळा त्यांनी फक्त मान हलवली. पण उंचीवर जाऊ नका. इथल्या उतारांना कुणी शिस्त लावलेली नाही. सह्याद्रीत कडा असला तरी त्याला पायऱ्या असतात, पठार असतं, दम खायला जागा असते. इथे डोंगर म्हणजे ओल्या चादरीला चिमटीत धरून वर उचललं तर कसं होईल तसे, घडीवर घडी, आणि प्रत्येक घडीच्या तळाशी ओढा.

आणि पाऊस. लोक विचारतात, तुम्हाला तर सवय असेल ना पावसाची. कसली सवय. आंबोलीचा पाऊस येतो तो भांडायला आल्यासारखा, चार महिने कौलं फोडतो आणि जातो. हा पाऊस ऑक्टोबरमध्ये सुरू होतो आणि मेपर्यंत नुसता पुटपुटत राहतो. या डोंगरांच्या वरच्या अंगाला वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो, पण एका वेळी एक थेंब. त्याला छत्री उघडावीशी वाटत नाही आणि तासाभराने आतली बनियनसुद्धा ओली. अण्णांनी लोकरीची पॅन्ट घातली होती, वडिलांची, भिजली की ओल्या कुत्र्यासारखा वास येणारी. माझं दोनशे डॉलरचं जॅकेट दहा वाजता हरलं. ती लोकर रात्रीपर्यंत तशीच होती.

सूर्योदय पावणेआठचा आणि त्याच्या अर्धा तास आधीपासून बार टाकता येतो, तसा नियम आहे. फाटकापाशी ट्रक लावून आम्ही अंधारात लाकूडवाल्यांच्या कच्च्या रस्त्याने चालत गेलो. वाटेत बॅटरीच्या उजेडात नारिंगी पोटाचे न्यूट रस्ता ओलांडत होते, पाली पाण्यात भिजवून मंद केल्यासारखे, एक-एक पाय विचार करून टाकणारे. यांच्या कातडीत माणूस मारायला पुरेल एवढं विष असतं. अण्णा एवढे गुडघे दुखत असताना प्रत्येकाला चुकवून चालत होते. मग एका जागी थांबले, वाकले, आणि नेच्याखालून पिवळी अळंबी काढून टोपीत टाकली. शॅंटरेल. मी विचारलं, आपण हरणासाठी आलोय ना? तर म्हणाले, हरीण घरी येईलच असं नाही, ही येते.

उजाडलं तेव्हा समोर तोडलेला डोंगर होता. क्लिअरकट. पहिल्यांदा बघणाऱ्याला कसंतरीच होतं, अख्खा उतार भादरलेला, करड्या बुंध्यांची शेतं आणि मध्ये फांद्यांचे ढीग. मी इथे आलो तेव्हा असे डोंगर बघून मला खरंच राग यायचा. अण्णांबरोबर बसून तो राग थोडा गोंधळला. कारण ब्लॅकटेलला खायला लागतं ते याच जागी उगवतं. झाडं गेली की ऊन खाली येतं, मग कोवळी झुडपं, रानटी बेरी, गवत. कायद्याने कंपनीला परत लागवड करावी लागते, ती डग्लस फरची रोपं पंधरा-वीस वर्षांत डोक्यावर छप्पर धरतात की खाली परत अंधार, आणि हरणं पुढच्या उघड्या डोंगराकडे. 1990 मध्ये जुन्या जंगलात राहणाऱ्या ठिपकेवाल्या घुबडाला संरक्षण मिळालं, जंगलांच्या 1994 च्या सरकारी आराखड्यानंतर सरकारी जंगलातली तोड खूपच कमी झाली, अण्णांची पहिली मिल त्याच सुमाराला गेली. ते घुबडाला शिव्या देतील असं मला वाटलं होतं. पण ते म्हणाले, आम्हीपण जरा जास्तच कापलं. आणि मग बराच वेळ गप्प. त्यांचा खरा राग पुम्यावर आहे, म्हणजे पुम्याच्या शिकारीला कुत्रे वापरायला 1994 मध्येच मतदानाने बंदी आली त्यावर, त्यांच्या मते पोर्टलंडच्या लोकांनी पुमा फक्त कॅलेंडरवर बघितलाय. यावर मी काही बोललो नाही. मीपण कॅलेंडरवरच बघितलाय.

मग बसणं. शिकार म्हणजे बसणं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका बुंध्यामागे, रायफल मांडीवर, नळीच्या तोंडावर काळ्या इलेक्ट्रिक टेपचा एक तुकडा, आत पाऊस जाऊ नये म्हणून. बार मारताना तो काढावा लागत नाही म्हणे, हवेच्या दाबाने गोळीच्या आधीच उडतो. धुकं खालून वर येतं, दहा मिनिटं काही दिसत नाही, परत उघडतं, परत तोच उतार. अकरापर्यंत माझी बोटं गेली. हातमोजे होते, पण ओले हातमोजे म्हणजे नसलेल्यापेक्षा वाईट. जॅकेटची चेन लावता येईना. मी दोन्ही हात काखेत घालून बसलो आणि मनातल्या मनात आजोबांच्या गोष्टींत थंडी का नव्हती याचा विचार करत होतो.

पावणेबाराला धुकं उघडलं आणि ती तिथे होती. चालत आली नाही, नुसती होती, मघाशी जिथे बुंधा होता तिथे. अण्णांनी दुर्बीण लावली आणि लावूनच राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मला वाटलं दिसत नाहीये. नंतर कळलं, ते पिल्लू शोधत होते. पाडसं जूनची असतात, ऑक्टोबरपर्यंत चरायला लागलेली असतात, आणि टॅगवर पिल्लाचा काही नियम छापलेला नाही, पण अण्णांचा होता. वीस मिनिटं आम्ही तिच्या मागच्या झुडपाकडे बघत पडलो होतो आणि ती शांतपणे पानं खात होती, कान एकेक करून फिरवत, मध्येच अंग झाडलं की पाण्याचा एक छोटा ढग तिच्याभोवती. कोणी आलं नाही मागून. तेव्हा अण्णांनी रायफल पुढे घेतली.

आवाजाचं काय सांगू, तो अंगावरूनच जातो. ती दोन उड्या मारून खाली घडीत दिसेनाशी झाली.

चुकलं असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, बरं वाटलं. अण्णा म्हणाले नाही, बस अर्धा तास. बसलो. मग उतरलो, उतरलो म्हणजे बसून घसरलो, व्हाइन मेपलच्या आडव्यातिडव्या फांद्यांना धरत. ती ओढ्याच्या अलीकडे एका बुंध्याला अडकून पडली होती, डोळे उघडे, डोळ्यांवर पावसाचे थेंब. पापणी हलत नाही हे बघायला मला वेळ लागला. अण्णांनी टोपी काढली, मग टॅग काढला. फोनवर करता येतं हे हल्ली, पण त्यांचा कागदाचाच, भिजून न फाटणारा. त्यावर पेनाने दिवस आणि महिना भरला, दोऱ्याने पायाला बांधला, सगळं सरकारी कामासारखं नीट. मग चाकू. मला म्हणाले हा पाय धर, वर ओढून धर. धरला. पण माझी बोटं मिटतच नव्हती, पाय दोनदा सुटला, ओला केस, गुळगुळीत काळं खूर. तिसऱ्यांदा सुटल्यावर अण्णांनी वर बघितलं, माझे हात बघितले, आणि स्वतःच्या बाळाला सांगावं इतक्या साधेपणाने म्हणाले, आत घाल.

मी घातले. मनगटाच्या वरपर्यंत, बरगड्यांच्या खाली. पावसात तिथून वाफ येत होती.

ती ऊब कशी होती ते मी चार महिने शब्दांत मांडायचा प्रयत्न करतोय. शेगडीची नाही, गरम पाण्याची नाही. सगळ्या बाजूंनी सारखी, मऊ, वाट बघत असल्यासारखी. आधी दुखलं, बोटांत सुया, आणि मग ते दुखणं गेलं आणि मला इतकं बरं वाटलं की मी डोळे मिटले. किती वेळ ते माहीत नाही, मिनिटभर असेल. अण्णा काही न बोलता टेकून उभे होते. डोळे उघडले तर समोरच तिचे उघडे डोळे.

माझी अडचण तिथे आहे. तिला मारलं त्यात नाही. पाकिटातलं चिकन चालतं मग हे का नाही, तो सगळा वाद मला माहितीये, दोन्ही बाजूंनी करता येतो, जेवणाच्या टेबलावर आम्ही करतोही. वाईट वाटायची माझी तयारी होती, सकाळपासून मी जणू त्यासाठीच बसलो होतो. वाईट वाटलं असतं तर मी घरी येऊन सांगितलं असतं, थोडं रंगवूनसुद्धा. पण मला बरं वाटलं. नुकतंच मेलेल्या कुणाच्या तरी पोटात हात घालून इतकं बरं वाटलं, आणि हात बाहेर काढायला जिवावर आलं, हे बायकोला चहा गाळताना कसं सांगायचं?

पुढचं सगळं नुसती हमाली. अण्णांनी तिथेच मांस उतरवलं, कापडी पिशव्यांत भरलं. मादीच्या टॅगवर मादीच मारली याचा पुरावा धडाला चिकटलेला ठेवावा लागतो, तो ठेवला. कास कोरडी होती, म्हणजे पिणारं पिल्लू नव्हतं, अण्णांनी दाबून बघितली आणि माझ्याकडे बघून मान हलवली, जणू मी विचारलं होतं. आतडी तिथेच ठेवली. आम्ही वर चढायला लागायच्या आत दोन डोमकावळे येऊन बसले होते. सोळा-सतरा किलो मांस, म्हणजे फार नाही, पण त्या उतारावर. तीन पावलं वर, एक खाली. चार तास लागले. अण्णा रायफल आणि अळंबीची टोपी घेऊन माझ्या पुढे, दर दहा पावलांना थांबून, थांबण्याचं कारण म्हणून प्रत्येक वेळी मला एखादं झाड दाखवत.

माझा वाटा पंधरा दिवसांनी आला, पांढऱ्या कागदात गुंडाळलेला, वर मार्करने तारीख, सोबत सही केलेली चिठ्ठी, कारण दुसऱ्याच्या टॅगचं मांस घरात ठेवायचं तर चिठ्ठी लागते. फ्रीझरमध्ये ते खवलेल्या नारळाच्या पाकिटांशेजारी जाऊन बसलं. आणि बसूनच राहिलं. नोव्हेंबर, डिसेंबर. आईस्क्रीम काढताना हात लागायचा. बायकोने दोनदा विचारलं, मी म्हटलं बघू रविवारी.

गेल्या रविवारी काढलं शेवटी. नळाखाली धुताना एक केस सापडला, जाड, राखाडी, मधोमध वाकवला तर काडीसारखा मोडणारा. बायको मागे कांदे भाजत होती. तेव्हा मी न वळताच तिला सांगितलं, हीटर वगैरे काही नाही, हात कुठे गरम झाले ते. ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला माहीत होतं काहीतरी आहे. त्यांच्या ट्रकचा हीटर दोन वर्षं झाली बंद आहे. त्यांच्या बायकोने सांगितलंय मला, रस्त्यावर सगळ्यांना सांगितलंय." मग उलथनं आपटून म्हणाली, "आईंना फोन लाव, हे किती शिजवायचं असतं?"

आईला मी काहीच सांगितलं नव्हतं. घाबरतघाबरतच सांगितलं, व्हिडिओवर, की असं असं हरीण आहे, शेजाऱ्यांनी मारलेलं, मी बरोबर होतो. ती चष्मा पुसत होती.

"हरीण काय भेकर?"

मोठं असतं गं भेकरापेक्षा.

"वाटे किती घातलास?"

दोन.

"आणि रानात काय ठेवलास?"

आतडी ठेवली. कावळे आले लगेच.

"मगे झाला तर." चष्मा घातला, स्क्रीनच्या अगदी जवळ आली, नुसतं कपाळ दिसायला लागलं. "पातेल्यात नको हां, कुकर लाव. वाटप मागसून. रानातला आसा ता, सा शिट्ट्यो घाल."